केंद्र कुणाचं, हे गाव आधी बघतं

गावात संगणक दिले, इंटरनेट दिलं, केंद्र उघडलं. पण लोकांना त्याचा उपयोगच कळत नाही, अशी तक्रार सरकारी बैठकांत आणि संस्थांच्या अहवालांत एकाच सुरात ऐकू येते. अलीकडे तिला जोड मिळाली आहे: आता घरोघरी मोबाइल असताना सार्वजनिक केंद्रं हवीतच कशाला? दोन्ही म्हणणी मांडणारे बहुधा तेच असतात. ज्याला केंद्रात शेजारी बसवूनही तंत्रज्ञान कळत नाही, त्याला ते घरी, एकट्यानं, वीतभर पडद्यावर कसं कळणार, हे मात्र ते सांगत नाहीत.

मोबाइलवाल्यांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात दम आहे. त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा वारणेचा. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असं पुष्कळ काही त्यातून मिळणार होतं. ऊसकऱ्यांनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं: उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीच माहिती एसएमएसवर देऊन दाखवली. मान्य आहे. वजनाचा आकडा कळायला केंद्र लागत नाही, आणि तेवढ्यासाठी कुणी केंद्राचा आग्रह धरत असेल तर त्यानं तो सोडावा.

पण २०२४ चा जुलै आठवा. ‘लाडकी बहीण’चा अर्ज भरायला ‘नारीशक्ती दूत’ हे अ‍ॅप होतं, फुकट होतं, मोबाइलवर चालत होतं. तरी सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच काही. घरातला फोन नवऱ्याच्या खिशात आणि आधारला जोडलेला नंबर शहरात कामाला गेलेल्या मुलाचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. एसएमएस आकडा सांगतो. नावातली चूक कुठे, कुणाकडून दुरुस्त करून घ्यायची, हे सांगायला माणूसच लागतो. त्या रांगेतल्या बायकांना तंत्रज्ञान कळत नव्हतं असं नाही. अडलंय कुठे ते त्यांना नेमकं कळलं होतं.

आता ‘लोकांना कळत नाही’ या जुन्या तक्रारीकडे वळू. तिचं उत्तर पुणे आकाशवाणीनं १९५६ सालीच देऊन ठेवलं आहे. युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत तेव्हा रेडिओ फोरम सुरू झाले. आठवड्यातून दोनदा वीसेक शेतकरी सार्वजनिक रेडिओभोवती बसत, अर्धा तास ऐकत, मग आपसांत वाद घालत. निमंत्रक चर्चेची टिपणं आणि शंका पुण्याला धाडी, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं येत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाचं मोजमाप केलं. फोरम असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. रेडिओ होता पण फोरम नव्हता, तिथे फरक किरकोळ. यंत्र तेच, आवाज तोच. फरक होता तो उलट विचारायला मिळण्याचा. (या मंडळांत बायका नावालाच होत्या, आणि प्रयोगाचं कौतुक करताना ते झाकू नये.)

मग आजच्या केंद्रांबद्दल गाव नाखूश का दिसतं? कारण गावाची पारख चालू असते. केंद्र कुणाच्या जागेत आहे, किल्ली कुणाकडे राहते, आत बसलेला पोरगा कुणाच्या गटाचा आणि दरफलक भिंतीवर आहे की नाही, हे लोक संगणकाच्या आधी बघतात. ‘अंगठा लागत नाही’, ‘सर्व्हर डाउन आहे’, ‘उद्या या’ हे ऐकून परतणाऱ्या मजुराची त्या दिवसाची हजेरी बुडालेली असते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला विमा कंपनीनं अर्जामागे चाळीस रुपये द्यायचे ठरलं होतं. तरीही शेतकऱ्यांकडून वर पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या. अशा जागेबद्दल लोकांनी काय मत बनवावं?

आणि तरी सगळा दोष चालकावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक थकलेल्या मानधनासाठी आझाद मैदानावर येऊन बसले होते. ज्याचा पगार वेळेवर होत नाही, त्यानं गावाशी गोड बोलावं, ही अपेक्षा फुकटची आहे.

मेळघाटातल्या हरिसालला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं गेलं, आणि २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावावरून भाषणं रंगली. एकानं सगळं सुरू आहे म्हणायचं, दुसऱ्यानं सगळं बंद आहे म्हणायचं. तिथल्या कोरकू माणसाला गावातल्या केंद्रातून काय हवं होतं, हे मात्र दोन्हीकडच्या गदारोळात माझ्या कानावर आलं नाही.

गावाला स्वतःचं मत असतं, याचा पुरावा हवा असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावला जा. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. हा नियम मंत्रालयातून आलेला नाही. गावानं बैठकीत ठरवला. काहींना तो मागासपणा वाटला. मला त्यात माध्यमांवर हक्क सांगणारं गाव दिसतं. याच जातीचं दुसरं काम माणदेशात चालतं: म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ या सामुदायिक रेडिओवर तिथलीच माणसं तिथल्याच बोलीत बोलतात, आणि केंद्र आपलं आहे का, हा प्रश्न तिथे पडत नाही.

म्हणून केंद्रं बंद करू नका आणि नुसती नवी यंत्रंही आणून टाकू नका. आहेत ती ग्रामसभेच्या ताब्यात द्या. वाचक गावात राहणारा असेल तर त्याला एवढंच सांगणं आहे: पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर केंद्राची वेळ, दरफलक, परिचालकाचं मानधन आणि महिन्यातून एक दिवस तक्रारी ऐकायची बैठक, हे चार विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या. विषय नाकारला, तर तो नकार इतिवृत्तात नोंदवायला लावा.