वेणी खाते चार इंच

लेक डेहराडूनला शिकायला गेली आणि पहिल्याच थंडीत तिचा फोन आला, "आई, मला वेण्यांचा स्वेटर हवा. आजीनं बाबांना विणला होता तसा." आमच्या इंदूरच्या थंडीत हाफ स्वेटरवर भागतं, तिथे भागत नाही. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या सुया तीन वर्षं डब्यातच आहेत. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, समोरचं नेमकं मधलंच दिसत नाही. मग सुया मी हातात घेतल्या. साधे स्वेटर बरेच विणलेत, वेणी मात्र पहिल्यांदाच.

हिशेब नेहमीसारखा केला. डबल निट लोकर, 8 नंबरची सुई, एका इंचात साडेपाच टाके. छाती 36, सैलपणासाठी 4 इंच जास्त, म्हणजे पुढचा भाग 20 इंच, टाके 110. त्यातच सहा वेण्या बसवल्या, पाठीलाही तशाच. दोन्ही भाग विणून झाल्यावर टेप लावली तर मिळून जेमतेम 36 इंच! लेकीच्या अंगात गेला असता, पण आत साधा टी-शर्टही मावला नसता.

सासूबाई हसल्या. "अगं, वेणी टाके खाते. केसांचंच बघ ना, मोकळे सोडले तर पाठभर, वेणी घातली की बोटभर."

सहा टाक्यांच्या एका वेणीमागे साधारण दोन टाक्यांची रुंदी जाते. सहा वेण्यांचे बारा टाके, म्हणजे दोन इंचांहून थोडं जास्त. पाठीलाही तेवढंच. माझे चार इंच तिथे गेले होते. उपाय असा, की 10 नंबरच्या सुईवर एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर नेहमीच्या टाक्यांवरच विणायची आणि तिच्या शेवटच्या ओळीत, जिथे वेणी येणार तिथे, दोन दोन टाके वाढवायचे. 110 चे 122 होतात आणि बॉर्डर फुलत नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे आधी वेणीसकट एक छोटा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मग मोजा. मी तो आळस केला. दोन्ही भाग उसवले, लोकरीच्या लडी करून धुतल्या (त्यानं कुरळेपणा जातो) आणि पुन्हा सुरुवात.

वेणी घालणं मात्र दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. मधे सहा सुलट टाके, दोन्ही बाजूंना दोन दोन उलट. उलट टाक्यांच्या खळीमुळेच वेणी उठून दिसते. दर आठव्या ओळीला, सुलट बाजूनं विणताना, सहापैकी पहिले तीन टाके न विणता छोट्या जादा सुईवर घ्या. पुढचे तीन विणा, मग जादा सुईवरचे तीन. जादा सुई विणकामाच्या पुढे धरली तर पीळ डावीकडे, मागे धरली तर उजवीकडे. सेफ्टी पिननंही काम होतं. लोकर फिक्या, एकाच रंगाची हवी. गडद किंवा शेडेड लोकरीत मेहनत दिसतच नाही. साध्या स्वेटरपेक्षा लोकरही जास्त लागते, तेव्हा त्याच लॉटचे दोन गोळे जास्तीचे आणा. आणि वेणीवर इस्त्री अजिबात फिरवू नका, चपटी होते.

पुढचा भाग काखेपर्यंत आला तेव्हा तो सासूबाईंच्या हातात दिला. त्या बोटं फिरवत राहिल्या. चौथ्या वेणीवर थांबल्या. "इथे पीळ उलटा पडलाय."

खरंच होता. सोळा ओळी खाली. माझ्या धड डोळ्यांना दिसला नव्हता.

मला रडूच आलं, पुन्हा सगळं उसवायचं म्हणून. पण त्यांनी सांगितलं, फक्त ते सहा टाके सोड. सुईवरून सोडून मी ते चुकलेल्या ओळीपर्यंत खाली उसवले. मागे आडव्या धाग्यांची शिडी राहिली. मग टाके योग्य क्रमानं छोट्या सुईवर घेऊन, शिडीचा एक एक धागा वापरत वर विणत आले. ओळ कुठलीही असो, सगळं सुलट बाजूनंच. तासाभरात झालं. टाके जरा घट्ट-सैल दिसले, ते धुतल्यावर बसले.

असले स्वेटर जगभर आयर्लंडजवळच्या अ‍ॅरन बेटांच्या नावानं ओळखले जातात. तिथे म्हणे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे. ही दंतकथाच आहे. तिचं मूळ बहुधा जे. एम. सिंज यांच्या, 1904 साली रंगमंचावर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात असावं. त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते, पण नक्षीवरून नव्हे. तिच्या हातून सुटलेल्या टाक्यांवरून.

हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या स्वेटरलाही डाव्या बाहीवर एक पीळ उलटा आहे. त्याला अजून कळलेलं नाही. पोरीचा मात्र नीट कर."

रात्री कपाटातून तो जुना स्वेटर काढला. कोपराच्या जरा वर. आहे.