रंगभूमीच्या इतिहासाचे टक्कल

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण ज्या पद्धतीने शिकवतो ती पद्धत अपुरी आहे, एवढेच म्हणणे सौम्यपणाचे होईल. ती चुकीचे निष्कर्ष काढायला शिकवणारी पद्धत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी मी एका क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूचा आधार घेणार आहे : नटाच्या डोक्यावरचा केसांचा टोप.

१८४३ साली विष्णुदास भावे, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल', त्यानंतर देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी. हा क्रम एम.ए.च्या विद्यार्थ्याला मुखोद्गत असतो. या क्रमात लिहिणारा आहे, गाणारा आहे, क्वचित पडदे रंगवणाराही आहे. टोप करणारा मात्र कुठेही नाही. तो नसल्याने काय बिघडले, असा प्रश्न सभ्य विद्वान विचारतील. पुष्कळ बिघडले, असे त्याचे उत्तर आहे.

प्रमुख संगीत मंडळ्यांची नायिका कित्येक दशके पुरुष होती. १८८२च्या 'सौभद्रा'त भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले. पुढे बालगंधर्व भामिनी, रुक्मिणी, सिंधू झाले. त्या काळी ब्राह्मण तरुणाच्या डोक्यावर शेंडी आणि घेरा असे. काही नटांनी स्वतःचे केस वाढवले, इतरांना टोप आणि गंगावन यांवाचून गत्यंतर नव्हते. बालगंधर्वांच्या केशरचनेचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत, हे आपण वर्गात कौतुकाने सांगतो. पण ती केशरचना कोणाच्या तरी हातांनी घडत होती, एवढे साधे वाक्य त्याला जोडत नाही. पन्नाशी ओलांडलेला पुरुष तरुण नायिका म्हणून उभा राहतो आणि प्रेक्षक ती मान्य करतो, ही किमया केवळ गळ्याची नसते. आपण ती 'दैवी देणगी'च्या खात्यावर जमा करतो आणि मोकळे होतो. अनेकांच्या श्रमाला एकाची प्रतिभा म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे. त्याला भक्तीचे नाव दिल्याने तो शुद्ध होत नाही.

हे श्रम किती सूक्ष्म असतात याची कल्पना नसल्यानेच आपली उपेक्षा इतकी निश्चिंत आहे. हाताने केलेला उत्तम टोप म्हणजे नटाच्या डोक्याच्या मापाचे बारीक जाळीचे आवरण. ते डोक्याच्या आकाराच्या साच्यावर ताणून बसवायचे आणि आकड्याच्या सुईने एकेक केस जाळीच्या छिद्रातून ओढून त्याची गाठ मारायची. मागच्या बाजूला एका गाठीत दोन-तीन केस चालतात. कपाळाच्या रेषेवर मात्र एका गाठीत एकच. केसाचे मूळ आणि टोक यांची दिशा उलटली, तर सगळा टोप गुंत्यात जातो. एका पूर्ण टोपाला चाळीसेक तास सहज लागतात. विजेचा प्रकाश तीव्र झाला आणि पुढे कॅमेरा चेहऱ्याजवळ आला, तशी कपाळावरची जाळीची कड अदृश्य करणे ही या कारागिराची खरी परीक्षा ठरली. त्याच्या यशाची व्याख्याच अशी की त्याचे काम दिसता कामा नये. दिसू नये म्हणून झिजलेल्या माणसाला 'तो दिसलाच नाही' म्हणून इतिहासातून वगळणे हा न्याय कुठला?

परंपरेचा दाखला हवा असेल तर तोही आपल्याच विरुद्ध जातो. 'नाट्यशास्त्रा'ने आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या पंक्तीला आहार्य अभिनय बसवला. अवंतीच्या युवतीचे केस कसे असावेत, गौड देशीच्या स्त्रीची वेणी कशी असावी, आभीर स्त्रीला दोन वेण्या असाव्यात, विदूषकाला टक्कल असावे की काकपद, याचा विचार त्या ग्रंथात आहे. नाट्यमंडळीतील माणसांची गणना करताना तो मुकुटकार, माल्यकार आणि रजकालाही विसरत नाही. आपण मात्र रससूत्रावर दोन महिने खर्च करतो आणि आहार्याला परीक्षेतील टिपेपुरते ठेवतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. साहित्याच्या विभागाचे काम संहिता शिकवणे. संहिता उरते, टोप झिजून जातो. मग पुराव्यावाचून काय शिकवायचे? पण हाच न्याय लावला तर बालगंधर्वांचा रंगमंचावरील अभिनयही उरलेला नाही, तरी त्यावर आपण पानेच्या पाने लिहितो. शिवाय टोप वगळला की संहितेचे वाचनही चुकते. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्याचे वर्णन आपण इब्सेनच्या प्रभावाने झालेले वैचारिक वळण असे करतो. ते तसे होतेच. पण ज्योत्स्ना भोळ्यांसारख्या स्त्रिया त्यात स्वतःच्या केसांनिशी उभ्या राहिल्या, हेही वास्तववादाचेच प्रमाण नव्हे काय? नायिकेचे डोके टोपातून मोकळे झाले, तेव्हा तिच्यासाठी लिहिली जाणारी वाक्येही बदलू लागली. उलट अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त सारा विनोदच पुरुषाने चढवलेल्या बाईच्या सोंगावर उभा आहे. तिथे टोप ही संहितेची अट आहे.

खरे कारण पुराव्याच्या अभावात नाही, ते आपल्या मनोवृत्तीत आहे. केसांना हात लावणारा हात आपल्या समाजाने खालचा मानला. ज्या काळात 'सौभद्र' आणि 'शाकुंतल' गाजत होते, त्याच काळात विधवांचे केशवपन घराघरांत चालू होते आणि १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ते काम करण्यास नकार दिला. रंगमंचावर पुरुषाला केस चढत होते आणि घरात स्त्रीचे उतरत होते. हे दोन्ही एकत्र ठेवून वाचणारा इतिहास आपण लिहिला नाही, कारण लेखणी आणि वस्तरा एका पानावर आलेले आपल्याला रुचत नाहीत.

बाहेरच्या जगाने, उशिरा का होईना, थोडी सुधारणा केली. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला पारितोषिक आहे. टोपांसाठी ख्यातकीर्त असलेल्या पॉल हंटली यांचा २००३ साली ब्रॉडवेवर टोनी सन्मानाने गौरव झाला. 'बालगंधर्व' या २०११च्या चित्रपटासाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ साली ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. विसंगती पाहा : बालगंधर्वांचे रूप पडद्यावर पुन्हा उभे करणाऱ्याचे नाव शासनदरबारी नोंदले गेले, आणि मूळ रूप घडवणारे हात आपल्या अभ्यासक्रमात निनावीच राहिले.

उपाय अवघड नाही. छापील नाटकाच्या आरंभी पहिल्या प्रयोगाची श्रेयनामावली असते. ते पान उलटून आपण थेट पहिल्या अंकावर जातो. अध्यापनाचा आरंभ त्या पानापासून करावा. ज्या विद्यार्थ्यांना आपण त्याच त्या नाटककारांतील 'स्त्रीचित्रण' प्रबंधासाठी देतो, त्यांतील चौघांना तरी रंगपटात पाठवावे. तयार कृत्रिम टोपांनी बाजार भरलेला असताना जे हात अजून गाठी मारत आहेत, त्यांची बोली, त्यांची अवजारे, त्यांच्या मजुरीचा हिशेब लिहून आणायला सांगावे. ही माणसे वयस्क होत आहेत. त्यांच्या माघारी 'साधने उपलब्ध नाहीत' अशी तळटीप लिहिण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही, कारण साधने आज उपलब्ध आहेत आणि ती दादर, पुणे, सांगलीच्या रंगपटांत बसून केस विंचरत आहेत.