साकाता : वाळूवरचे वन

जपानच्या ईशान्य भागात, पश्चिमेकडील समुद्राला मोगामी नदी मिळते त्या ठिकाणी साकाता हे बंदर वसले आहे. उत्तरेस २,२३६ मीटर उंचीचा चोकाई ज्वालामुखी. त्याच्या वितळत्या हिमाचे पाणी शोनाई मैदानातील भातशेतीस मिळते. १६७२ मध्ये कावामुरा झुइकेन याने येथील तांदूळ ओसाकामार्गे थेट एदोपर्यंत नेणारा जलमार्ग आखून दिला आणि गावाचे भाग्य उजळले. करडईच्या फुलांचा लाल रंगही येथूनच क्योतोकडे जाई.

परंतु किनाऱ्यावरील झाडे तोडली गेली होती. मीठ आटविण्याच्या भट्ट्यांनाच त्यांतील बरीच लागली. मग हिवाळी वारा शेतांवर, घरांवर वाळू लोटू लागला. होन्मा घराण्यातील व्यापारी मित्सुओका याने १७५८ मध्ये तेथे पाइनची लागवड आरंभिली. वाळूत रोप जगविणे हे पेढी चालविण्याहून कठीण काम. ते पिढ्यान्‌पिढ्या चालले.

हिवाळ्यात गलबते थांबत आणि हमालांची चूल विझे. त्यांना रोजगार मिळावा म्हणून याच घराण्याने १८१३ मध्ये एक बाग उभारविली. तेथून आजही चोकाईचे शिखर दिसते.