फ्रीज बंद पडतो तेव्हा

गेल्या वैशाखात आम्ही धामनोद येथे एका मराठी कुटुंबात दोन दिवस मुक्कामास होतो. आग्र्याहून मुंबईस जाणाऱ्या हमरस्त्यावरील, धार जिल्ह्यातील हे गाव. नर्मदा येथून फार दूर नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. परंतु त्यांच्या काळापासून या मुलखात मराठी घरे नांदत आली आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरची मंडळी फ्रीजपुढे चिंतातुर उभी होती. दार उघडले की आतला दिवा लागे, पण थंडावा मुळीच नव्हता. पाठीमागून क्षणभर घुरघुर ऐकू येई, मग ‘टिक्’ असा आवाज होई आणि सारे शांत. काही मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. दूध नासले त्याचे कोणास फारसे दुःख नव्हते. आजींचे इन्शुलिन आत होते, ही खरी काळजी. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत राखावे लागते, आणि बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेलेला! एक कारागीर येऊन ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगून गेला होता. खर्चाचा आकडा ऐकून यजमान खिन्न बसले होते. आजी म्हणाल्या, “फादर, माझ्या औषधापायी एवढा पैसा कशाला? बंद करते मी सुया.”

ते शब्द आमच्या जिव्हारी लागले. प्रथम आम्ही औषध शेजारच्या घरी फ्रीजमध्ये पोहोचते केले. बर्फाच्या खणात मात्र ठेवू दिले नाही, कारण गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. मग आम्ही त्या ‘टिक्’चा विचार करू लागलो.

कॉम्प्रेसरच्या मोटारीत तारेची दोन वेटोळी असतात. एक सतत चालणारे, दुसरे केवळ आरंभी जोर देणारे. या दुसऱ्याला वीज देणारा लहानसा भाग म्हणजे रिले. साध्या फ्रीजमध्ये बहुधा पीटीसी जातीचा रिले असतो. त्यात रुपयाएवढी चिनीमातीसारखी चकती असते. ती थंड असता वीज सहज जाऊ देते. मोटार फिरू लागताच स्वतः तापते आणि वाट जवळजवळ बंद करते. चकती फुटली की आरंभीचा जोर मिळत नाही, मोटार जागच्या जागी घुरघुरते, आणि ती जळू नये म्हणून शेजारचा ओव्हरलोड नावाचा रक्षक वीज तोडतो. तोच तो ‘टिक्’!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लग काढून फ्रीज भिंतीपासून ओढला. मागे तळाशी काळ्या हंड्यासारखा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या कुशीतले प्लास्टिकचे झाकण उघडले. कोणती तार कोठे आहे, याचे छायाचित्र घरातील मुलाने मोबाईलवर काढून ठेवले. मग रिले अलगद ओढून काढला व कानाशी हलविला, तो खुळखुळ्यासारखा वाजला. चकतीचे तुकडे झाले होते. कॉम्प्रेसरच्या तीन खिळ्यांमधील रोध मीटरने मोजला. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी भरली, आणि कोणत्याही खिळ्याचा बाहेरच्या लोखंडाशी संबंध आढळला नाही. म्हणजे वेटोळी शाबूत होती. जुना रिले दुकानात दाखवून त्याच क्रमांकाचा नवा आणला, ओव्हरलोडही बदलला. दोनशे रुपयांच्या आतबाहेर खर्च आला. झाकण बसवून मगच प्लग लावला. फ्रीज संथपणे गुणगुणू लागला.

वाचकांस सावधगिरीच्या चार गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्लग काढल्यावाचून झाकणास हात लावू नये. तेथे कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते; ते काम जाणकारावर सोपवावे. पाटीवर ‘आर ६००ए’ असे लिहिले असेल तर आतील वायू ज्वालाग्राही आहे. नळ्या कापणे वा तापविणे घरी करू नये. इन्व्हर्टर जातीच्या कॉम्प्रेसरला असा रिले नसतो. त्याच्या वाटेस जाऊ नये. आणि नवा रिले बसवूनही ‘टिक्’ थांबली नाही, तर कारागिराचे म्हणणे खरे असू शकते, हेही मान्य करावे.

खेड्यात वीज वारंवार जाते-येते. वीज लगेच परतली तर चकती अजून तापलेलीच असते, मोटार उठत नाही आणि साऱ्यांवर ताण पडतो. म्हणून वीज आल्यावर पाच मिनिटे थांबून फ्रीज सुरू करावा, किंवा उशिराने वीज सोडणारा स्टॅबिलायझर बसवावा. विजेचा दाब निम्मा झाला तर मोटारीचा आरंभीचा जोर चौथाईवर येतो, हेही ध्यानी असावे.

१९५८ साली गोदरेजने भारतात फ्रीज बनविण्यास आरंभ केला, तेव्हा ती श्रीमंतांच्या घरची वस्तू होती. आज तोच फ्रीज खेड्यातल्या घरी औषधाचे कपाट झाला आहे. म्हणून तो बंद पडला की केवळ थंड पाण्याचा प्रश्न उरत नाही. घरातील वडीलधारी माणसे अशा वेळी आपलाच खर्च प्रथम कापतात, आणि तोही कोणास न सांगता.

निघताना आजींनी आम्हांस ताकाचा पेला दिला. “आता सुया घ्याल ना?” आम्ही विचारले. “घेते,” त्या म्हणाल्या, “पण फ्रीजमागे वाकून तुमची कंबर धरली असेल, तिला आधी तेल लावा.”