दोन टक्के कशाचे?

घर विकायला काढणारा माणूस आपल्याला पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. दुसरा प्रश्न तो आपल्यासमोर काढत नाही, घरच्यांशी बोलतो: एजंट घ्यायलाच हवा का? त्याचा हिशेब साधा असतो. ठाण्यातला फ्लॅट 1 कोटी 20 लाखांना गेला, तर दोन टक्क्यांनी दलाली होते 2 लाख 40 हजार. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर 18 टक्क्यांचे आणखी 43 हजार 200. म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर. एवढे पैसे देऊन मिळणार काय, असे त्याने विचारले तर त्यात उद्धटपणा नाही. जाहिरातीखाली ‘ब्रोकरांनी फोन करू नये’ अशी ओळ वाचून आपल्यातले अनेक जण हसतात आणि ‘माझ्याकडे डायरेक्ट पार्टी आहे’ म्हणत फोन करतात. त्या ओळीमागचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

पूर्वी उत्तर सोपे होते: गिऱ्हाईक. कोणाला कुठे, किती खोल्यांचे, किती बजेटचे घर हवे, हे आपल्या वहीत असे आणि मालकाला ते ठाऊक होण्याचा दुसरा मार्ग नसे. आज मॅजिकब्रिक्स, 99 एकर्स, नोब्रोकर यांसारख्या ठिकाणी मालक स्वतः फोटो टाकतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा निरोप तासाभरात शेजारच्या चार इमारतींत फिरतो. गिऱ्हाईक शोधून देणे हे काम संपलेले नाही, पण केवळ त्यासाठी दोन टक्के मागणे दर वर्षी अवघड होत जाणार आहे.

मग आपण म्हणतो, ‘आम्ही भाव जास्त काढून देतो.’ हा दावा जपून करावा. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःची घरे विकली तेव्हा ती ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे 3.7 टक्के जास्त भावाने गेली आणि सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली. स्वतःच्या घरासाठी एजंट थांबला, ग्राहकाच्या घरासाठी थांबला नाही. मॅडिसन शहरातल्या विक्रींवरचा दुसरा अभ्यास 2009 मधला. त्यात स्वतः जाहिरात देऊन घर विकणाऱ्यांना एजंटामार्फत विकणाऱ्यांपेक्षा कमी भाव मिळाला नाही, वेळ मात्र जास्त लागला.

अमेरिकेचा बाजार आपल्यासारखा नाही, हे खरे. पण आकडेमोड इथेही तीच आहे. वरच्याच फ्लॅटला 1 कोटी 20 लाखांची ऑफर आली आणि महिनाभर थांबल्यास आणखी तीन लाख मिळण्याची शक्यता आहे. थांबून जमले तर मालकाच्या पदरात तीन लाख, आपल्या पदरात जास्तीचे सहा हजार. फिसकटले तर आपले 2 लाख 40 हजार हातचे जातात. अशा वेळी ‘साहेब, पार्टी चांगली आहे, सोडू नका’ हे वाक्य कोणाच्या हिताचे, हे विक्रेत्याला कळत नाही असे आपण समजू नये.

दुसरी खोड याच्या उलट टोकाची. जागा आपल्याकडे यावी म्हणून ‘दीड कोटी सहज मिळतील’ असे सांगायचे, चावी घ्यायची आणि दोन महिन्यांनी ‘बाजार बसलाय’ म्हणत मालकाला एकेक पायरी खाली आणायचे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतले, त्याच गल्लीतले नोंदलेले व्यवहार दिसतात. इंडेक्स-टू वर मोबदल्याची रक्कम छापलेली असते. पहिल्याच बैठकीत अलीकडचे चार-पाच इंडेक्स-टू मालकापुढे ठेवावेत, शेजारी रेडी रेकनरचा दर लिहावा आणि मजला, पार्किंग, इमारतीचे वय यांमुळे फरक कुठे पडतो ते सांगावे. भाव वाढवून देण्याचे वचन आपल्या हातात नसते. भावाबद्दल खरे सांगणे असते.

आपली खरी कमाई ठरते ती टोकननंतरच्या दोन-तीन महिन्यांत, आणि हे विक्रेत्याला आपण कधी नीट समजावूनच सांगत नाही. नेहमी आढळणारे एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतला फ्लॅट आईच्या नावावर. आई गेली. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचे नाव, त्यामुळे त्याला वाटते की आपण एकटे विकू शकतो. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्या नावाने पत्रव्यवहार करील, वारसांचा हक्क त्याने संपत नाही. मुलीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, नाहीतर तिने विक्रेती म्हणून करारावर यायला हवे. ती येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन यावे लागते आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

पुढे कर. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कापतो. मुलगी अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्याला हा एक टक्क्याचा नियम लागू नाही. तिथे कपात कितीतरी जास्त दराने होते. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर तिची मोठी रक्कम विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकते. या गोष्टी टोकन घेतल्यावर बाहेर आल्या की खरेदीदार बिथरतो, बँकेचे मंजुरीपत्र मुदतीबाहेर जाते आणि जमलेला सौदा मोडतो. पहिल्या बैठकीत ज्याने वारसांची चौकशी केली, त्या एजंटाने दोन टक्के तिथेच कमावले.

बाकीची यादी आपल्याला पाठ आहे, पण विक्रेत्याला नाही. मागच्या करारांची साखळी पूर्ण आहे का, जुन्या करारावर मुद्रांक शुल्क भरलेले आहे का, भाग दाखला हाताशी आहे की बँकेत. कर्ज बाकी असेल तर विक्रेत्याच्या बँकेचे थकबाकीपत्र आणि खरेदीदाराच्या बँकेचा धनादेश यांची वेळ जुळवावी लागते. आदर्श उपविधींनुसार हस्तांतराला सोसायटीची ना-हरकत लागत नाही, पण खरेदीदाराची बँक पत्र मागतेच. म्हणून सचिवांना पंधरा दिवसांची सूचना आधीच द्यायची. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार रुपये आहे. ‘बिल्डिंग फंड’ म्हणून लाख-दोन लाख मागितले तर ते अडवण्याची माहिती आणि धमक आपल्याकडे हवी. टोकन रोखीत घेऊ द्यायचे नाही, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. ‘थोडे कॅशमध्ये करून घेऊ’ असे सुचवणारा एजंट विक्रेत्यालाच गोत्यात आणत असतो.

हे सारे पाहता, एजंट लागतच नाही अशीही घरे आहेत, आणि तेही आपणच सांगावे. शेजाऱ्यालाच घर हवे आहे, भाडेकरूच विकत घेतो आहे, भाव दोघांना मान्य आहे, कागद स्वच्छ आहेत. अशा विक्रेत्याला चांगल्या वकिलाचे नाव द्यावे. त्याला फक्त कागदांची आणि धावपळीची मदत हवी असेल तर टक्केवारी न लावता ठरावीक रक्कम घ्यावी. आज बहुतेक कार्यालयांत असा दरच नसतो: सगळे घ्या, नाहीतर काहीच नको. मग विक्रेता ‘काहीच नको’ निवडतो, मध्येच अडकतो आणि फुकटचा सल्ला विचारायला आपल्याच दारात येतो.

एजंट घ्यायचा ठरला तर कसा घ्यायचा, हा त्याचा पुढचा प्रश्न. आपल्याकडची रीत अशी की तो पाच जणांना सांगतो. पाचही जण फोटो टाकतात, पाच ठिकाणी पाच भाव झळकतात. खरेदीदार ते पाहतो आणि मालक अडचणीत आहे असे धरून सहाव्याच भावाने बोलणी सुरू करतो. पाचांपैकी कोणीच जाहिरातीवर खर्च करत नाही, कागद तपासत नाही, कारण मेहनत एकाची आणि सौदा दुसऱ्याचा होण्याची भीती असते. ठरावीक मुदतीसाठी एकालाच काम देणे विक्रेत्याच्याही फायद्याचे आहे. पण तो विश्वास नुसत्या शब्दावर मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कारण पुनर्विक्रीत विक्रेत्याला कायद्याचे छत्र तोकडे आहे. 2016 च्या रेरा कायद्यातले कलम 9 एजंटाची नोंदणी सक्तीची करते ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. 2023 मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण तीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट विकताना आपले आणि विक्रेत्याचे नाते चालते ते 1872 च्या करार कायद्यावर. त्यातले कलम 219 सांगते की वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. कलम 220 सांगते की कामात गैरवर्तन केले तर त्या भागाचा मोबदलाच मिळत नाही. आणि 215 व 216 ही कलमे मालकाला न सांगता स्वतःच्या लाभासाठी सौदा करणाऱ्याला आवरतात. आपल्याच मेहुण्याच्या किंवा इन्व्हेस्टरच्या नावावर घर उचलून वर्षभरात चढ्या भावाने विकणाऱ्यांनी ती जरूर वाचावीत.

आता ‘काम पूर्ण’ म्हणजे काय? टोकन, कराराची नोंदणी, की शेवटचा धनादेश आणि चावी? आपल्या धंद्यातली बहुतेक भांडणे याच जागी होतात, कारण हे कोणी लिहून घेत नाही. ब्रिटनमध्ये 1979 च्या कायद्याने एजंटाला आपले शुल्क आणि अटी आधी लेखी सांगाव्या लागतात. अमेरिकेत शुल्कावरून मोठे खटले झाले, समेट झाला आणि ऑगस्ट 2024 पासून तिथल्या मुख्य संघटनेच्या एजंटांना घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. आपल्यावर ती पाळी न्यायालयाने आणण्याआधी आपण स्वतःच शहाणे व्हावे.

एका पानात मावेल इतका मजकूर पुरतो. काम किती दिवसांसाठी, 60 की 90. मुदत संपल्यावर ते आपोआप वाढणार नाही. मोबदला किती, जीएसटीसह की वगळून, आणि कोणत्या टप्प्यावर. आमचा आग्रह असा की अर्धा कराराच्या नोंदणीला आणि अर्धा ताबा व पूर्ण रक्कम हाती आल्यावर घ्यावा, म्हणजे शेवटपर्यंत धावण्याचे कारण आपल्यालाही राहते. मुदतीत मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणले तर काय. आपण दाखवलेल्या पार्टीने मुदत संपल्यावर घर घेतले तर किती दिवसांपर्यंत दलाली लागू, आणि त्यासाठी दाखवलेल्यांची नावे मालकाला त्या त्या दिवशी कळवण्याची जबाबदारी आपली. मालकाचा नंबर आणि घरातले फोटो कोणत्या ग्रुपवर जातील, सौदा झाल्यावर जाहिराती कोण उतरवणार, चावी कोणाकडे राहणार.

आणि सर्वांत अवघड ओळ: खरेदीदाराकडूनही दलाली घेणार का? दोन्हीकडून घेण्याची रीत आपल्याकडे रुजलेली आहे; ती एका संपादकीयाने जाणार नाही. पण दोन्हीकडून घेणारा माणूस विक्रेत्यासाठी भाव ताणणार की खरेदीदारासाठी उतरवणार, हे विचारण्याचा विक्रेत्याला हक्क आहे. ‘दोन्हीकडून घेतो, म्हणून तुमचा दर एक टक्का’ असे लिहून देणारा एजंट ‘दोन्हीकडून घेतो’ हे लपवणाऱ्यापेक्षा जास्त कामे मिळवेल, असे आम्हाला वाटते.

शेवटी पावती. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा मोजताना विक्रेत्याला खर्च म्हणून वजा करता येते, पण त्यासाठी रीतसर बिल आणि बँकेतून दिलेले पैसे लागतात. रोखीत दलाली घेणारा एजंट विक्रेत्याची ही सवलत बुडवतो आणि वर ‘तुमचा जीएसटी वाचवला’ म्हणतो. बिल देणे हा विक्रेत्याला एजंट घेण्यामागचा एक ठोस फायदाच आहे. तो त्याला सांगा.

म्हणून वाचकांना या महिन्यापासून एकच विनंती. पुढची जागा घेताना, चावी खिशात टाकण्याआधी हे पान लिहून विक्रेत्याच्या हातात द्या आणि घरी नेऊन दोन दिवस वाचायला सांगा. काही जण परत येणार नाहीत. त्यांना आपली गरज नव्हती. जे सही करून येतील, त्यांच्याकडे दलाली मागताना आवाज खाली करावा लागणार नाही.