जुन्या साडीचा ताळेबंद

घर सजविणे आणि पैसा राखणे या गोष्टी एकमेकींच्या विरोधी आहेत, असा समज व्यापारी घरांत फार दिवसांपासून चालत आला आहे. थोरांच्या दृष्टीने सजावट म्हणजे उधळपट्टी. तरुणांच्या दृष्टीने काटकसर म्हणजे मन मारणे. नव्या सुनेने आपल्या खोलीसाठी पडदे, चादर किंवा भिंतीला थोडा रंग मागितला की या दोन समजांची गाठ पडते, आणि दोन-चार हजारांच्या निमित्ताने वर्षभर पुरेल एवढी कटुता घरात येते. वास्तविक दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दिवसभराच्या श्रमानंतर प्रसन्न वाटेल अशी खोली असणे ही गरज आहे. विचार करावयाचा तो तिच्या खर्चाचा.

या खर्चावर उपाय म्हणून ‘घरीच करा’ हा मार्ग हल्ली सर्वत्र सुचविला जातो. परंतु घरी केलेली प्रत्येक वस्तू स्वस्त पडतेच असे नाही. उशीचा एक अभ्रा सजविण्यासाठी नवे कापड, लेस, मणी, डिंक आणि रंगाच्या बाटल्या विकत आणल्या, तर तयार अभ्र्यापेक्षा तो महाग पडतो आणि उरलेल्या बाटल्या कपाटात वाळून जातात. नफा विक्रीत नसून खरेदीत असतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तोच नियम येथेही लागू पडतो. घरी करण्यातील बचत ही घरात आधीच असलेल्या मालातून होते. म्हणून पहिले काम बाजारात जाण्याचे नाही; कपाटाची आणि माळ्याची मोजदाद करण्याचे आहे.

अकोटसारख्या गावात ही मोजदाद सहसा वाया जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भाग कापसाचा. अकोटची बाजारपेठ कापसावर वाढली आणि येथील सतरंज्यांनी गावाचे नाव बाहेर नेले. त्यामुळे जुन्या घरांत सुती साड्या, नऊवारी लुगडी, रुईच्या गाद्या आणि एखादी जाड विणीची सतरंजी बहुधा सापडतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा पॉलिस्टरच्या चकचकीत चादरीपेक्षा वापरून मऊ झालेले सुती कापडच अंगाला मानवते.

सुती साडीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. लांबी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ११० ते १२० सेंटिमीटर. साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीच्या कडेने जोडले, तर सुमारे २.२० मीटर रुंद आणि २.७५ मीटर लांब अशी दुहेरी पलंगाची चादर होते. काठाला काठ जोडला तर मध्यभागी एक रेखीव पट्टाही मिळतो. अभ्रे करावयाचे असल्यास १६० सेंटिमीटर लांबीचे तीन तुकडे काढावेत. पन्ह्यातून प्रत्येक तुकड्याचे ४७ सेंटिमीटर रुंदीचे दोन भाग पडतात. आत दुमडण्याची पट्टी धरून ४५ बाय ७० सेंटिमीटरचे सहा अभ्रे होतात आणि ७० सेंटिमीटर कापड शिल्लक राहते. दाराचे पडदे हवे असतील तर २.३० मीटरचे दोन तुकडे पुरतात. उरलेल्या पदरातून लोडाची एक खोळ निघते. लुगडे सव्वाआठ मीटरचे असते. त्याच्या चार घड्या घालून धावदोरा घातला की दोन मीटर लांबीची हलकी पांघरण्याची गोधडी तयार होते.

कापण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. फॉल काढून, साडी धुऊन, तिचा भाग दोन्ही हातांत धरून ताणावा. विरत असेल तर ती चादरीला उपयोगाची नाही. तिच्या पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढून तीन-तीनची वेणी घालावी आणि ती वेणी गोल किंवा लांबट वळवून टाके घालीत जावे. दोन साड्यांत पलंगाजवळ अंथरण्याजोगे पायपुसणे होते. नव्या वस्तूसारखा त्याचा तोरा नसला तरी धुण्यास ते सोपे असते.

जुन्या साडीची किंमत शून्य धरणे मात्र हिशेबाला धरून नाही. अर्थशास्त्रात जिला संधिव्यय म्हणतात, ती किंमत येथेही आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई त्या साडीवर जी वाटी देईल, ती साडीची खरी किंमत. तीत शिवणाची मजुरी किंवा स्वतःचे तास मिळवावेत. एवढे करूनही चादर स्वस्त पडत असेल तरच ती करावी. साध्या सुती साडीच्या बाबतीत ती बहुधा पडते. भरजरी किंवा कृत्रिम धाग्याच्या साडीच्या बाबतीत वाटी घेणेच शहाणपणाचे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले, तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून गृहिणींना जुने कपडे वापरात ठेवण्याचे शिक्षण दिले. मधोमध विरलेली चादर उभी कापावी आणि कडेचे मजबूत भाग मध्यभागी आणून जोडावेत, ही युक्ती त्या काळात तेथे घरोघरी वापरली जाई. आपल्याकडील गोधडीमागचा विचार याहून निराळा नाही. तो गरिबीचे लक्षण मानण्याचे कारणही नाही.

शयनगृहातील सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे गादी, आणि सर्वांत मोठी चूकही तेथेच होते. रुईची गादी दबली म्हणून ती टाकून फोमची आणली जाते. एकेरी गादीत आठ-दहा किलो रुई असते. ती दबते, पण संपत नाही. तीन-चार वर्षांनी पिंजून घेतली, किलो-दीड किलो नवी रुई मिसळली आणि नवी खोळ चढविली की गादी पुन्हा उभी राहते. फोम एकदा बसला की त्याला पुन्हा उभारी देता येत नाही. शिवाय पिंजाऱ्याला दिलेली मजुरी गावातच राहते. त्याच्याकडे कोणी गेलेच नाही, तर पुढच्या पिढीला गादी पिंजून देणारा मिळणार नाही, याचाही विचार व्हावा.

वस्त्रांच्या बाबतीत सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक पालट रंगाने होतो. फिकी पडलेली २०० ग्रॅमची सुती ओढणी घ्यावी. डाळिंबाच्या तेवढ्याच वजनाच्या वाळलेल्या साली चार-पाच लिटर पाण्यात तासभर उकळून गाळाव्यात. धुतलेली ओढणी त्या पाण्यात तासभर ठेवावी, मग ३० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात अर्धा तास, आणि पुन्हा सालीच्या पाण्यात. मातकट पिवळा रंग येतो. गंजलेले खिळे बुडविलेले थोडे पाणी त्यात घातले तर तोच रंग करडा-हिरवा होतो. सालीतील तुरटपणा आणि तुरटी यांच्यामुळे रंग सुताला धरतो. पॉलिस्टरवर तो बसत नाही. पहिल्या दोन धुण्या वेगळ्या कराव्यात आणि सावलीत वाळवावे. फाल्गुनात गळून पडलेल्या पळसफुलांचाही रंग सुंदर येतो, पण उन्हाने तो लवकर उतरतो.

सौंदर्यप्रसाधनांत घरगुती कृतींचा सुळसुळाट आहे. अंडे किंवा मध सांगणाऱ्या कृती आपल्या घरांत आपोआपच बाद होतात. मसूरडाळीचे पीठ, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड आणि मुलतानी माती यांचे कोरडे मिश्रण हवाबंद डब्यात ठेवावे आणि लागेल तेवढेच दुधात किंवा गुलाबपाण्यात भिजवावे. भिजवलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. त्वचा कोरडी असेल तर माती कमी घ्यावी. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा तर चेहऱ्याला लावूच नये. विकतच्या लिपस्टिकच्या वेष्टनावर ‘कार्माइन’ किंवा ‘सी. आय. ७५४७०’ असे लिहिलेले असेल, तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो, हेही ध्यानात असावे.

ज्यांचे कापडाचे दुकान आहे त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. दुकानातील कटपीस घरी आणणे सोपे असते, पण तो घरचा माल नव्हे. तो खरेदी किमतीने उचल खात्यात नोंदवावा. त्यावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिटही परत करावे लागते. घरची हौस दुकानाच्या साठ्यात लपली की वर्षअखेरीस मेळ बसत नाही.

सजावट उधारीवर करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. समजा, २४,००० रुपयांचे सामान क्रेडिट कार्डावर घेतले आणि रक्कम मुदतीत भरली नाही. महिना साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज ८४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ९९१ रुपये होतात. एवढ्यात एका साडीचे अभ्रे शिवून घेऊन वर पैसे उरतील. त्यापेक्षा सुनेच्या हाती वर्षाची एक ठराविक रक्कम द्यावी आणि तिचा विनियोग तिच्यावर सोपवावा. रोजच्या लहान मागण्यांतून होणारे वाद त्याने थांबतात, आणि हिशेब ठेवण्याची सवय घरातील नव्या माणसालाही लागते.

कामाची वेळही गावाच्या व्यवहाराशी जुळविता येते. गाद्या पिंजणे आणि उन्हात घालणे चैत्र-वैशाखात उरकावे. कापसाचा बाजार दसऱ्यानंतर भरू लागतो. त्यापूर्वी श्रावण-भाद्रपदात सवड असते, तेव्हा शिवणकाम करावे. भर पावसात साड्या धुवू नयेत; उघडीप मिळताच धुऊन वाळवून ठेवाव्यात. दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी खोली तयार झालेली असेल, तर त्या खरेदीची यादीही पुष्कळशी आखूड होईल.