बाबा आदमच्या डोंगरावर

एखादी वस्तू फार जुनी झाली की आपण तिला 'बाबा आदमच्या काळची' म्हणतो. मग ती आजोबांची सायकल असो की कचेरीतला कुरकुरणारा पंखा. असे म्हणणारा मुसलमानच असतो असे नाही, गावातले सगळेच म्हणतात. माणसांचा मूळ बाप एकच, हे आपल्या बोलीने कधीचेच मान्य करून टाकले आहे. वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्याची आपली सफर त्याच बाबा आदमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका डोंगराची आहे.

हा डोंगर श्रीलंकेत आहे. अरब लोक या बेटाला सरनदीब म्हणत. डोंगराला इंग्रजीत 'ॲडम्स पीक', सिंहलीत 'श्रीपाद' आणि तमिळमध्ये 'शिवनोळिपाद मलै' म्हणतात. उंची २,२४३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ सहाशे मीटर जास्त. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर पिदुरुतलागला, हा नव्हे. पण आजूबाजूच्या रांगांतून हा सुळक्यासारखा एकटाच वर आला आहे, म्हणून जुन्या दर्यावर्दींना तो समुद्रातून फार लांबून दिसे.

माथ्यावर एका खडकात पावलाच्या आकाराचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात ते बुद्धाचे पाऊल, हिंदू म्हणतात शिवाचे. मुसलमानांत पूर्वापार सांगितले जाते की हजरत आदम (अलैहिस्सलाम) जन्नतमधून पृथ्वीवर उतरले ते इथे. काही ख्रिस्ती लोक तो ठसा संत थॉमसचा मानतात. एक दगड आणि चार हकिकती!

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ह. आदम (अ.) यांना पृथ्वीवर उतरवले गेले हे कुरआनात आहे, पण कुठे उतरवले त्या जागेचे नाव कुरआनात नाही. सरनदीबची गोष्ट रिवायतींतून आणि प्रवाशांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली आहे. म्हणून या डोंगरावर जाणे ही कोणती फर्ज इबादत नाही, आणि न जाण्यात काही उणेही नाही. पण पृथ्वीवर फिरा, पाहा आणि विचार करा, हे तर आपल्याला सांगितलेलेच आहे. त्या नजरेने या डोंगराकडे पाहावे.

इब्ने बतूताने तसेच पाहिले. इ.स. १३४४ मध्ये मालदीवहून निघालेले त्याचे जहाज वाऱ्याने भरकटून सरनदीबच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या तमिळ राजाला फारसी समजत होती. काय हवे ते माग, असे राजाने म्हटल्यावर इब्ने बतूताने एवढेच मागितले की मला त्या पावलापर्यंत जाऊ द्या. राजाने त्याला पालखी दिली आणि सोबतीला माणसे दिली: दरवर्षी डोंगराची यात्रा करणारे चार जोगी, तीन ब्राह्मण, दहा दरबारी आणि शिधा वाहणारे पंधरा जण. म्हणजे बाबा आदमच्या पावलापर्यंत एका मुसलमान काझीला वाट दाखवली ती जोगी आणि ब्राह्मणांनी, तीही एका हिंदू राजाच्या हुकमाने.

त्याने केलेले वाटेचे वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. डोंगराला दोन वाटा होत्या, एक 'बाबा'ची आणि एक 'मामा'ची. या मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत बरे, तर बीबी हव्वा! मामाची वाट सोपी, बाबाची अवघड. सोप्या वाटेने वर जाणाऱ्याची यात्रा लोक यात्रा मानतच नसत, ती वाट उतरण्यासाठी. अवघड वाटेवर कड्यात लोखंडी साखळ्या ठोकलेल्या होत्या, एकूण दहा. दहाव्या साखळीचे नाव होते कलम्याची साखळी. तिथे पोहोचून खाली पाहिले की भीतीने माणसाच्या तोंडून आपोआप कलमा बाहेर पडे. जंगलात जळवा अंगावर उडी घेत आणि लोक त्यांच्यावर लिंबू पिळून त्यांना सोडवत. साडेसहाशे वर्षे उलटून गेली, तरी पावसाळ्यात जळवा तिथे अजून भेटतात.

आजची वाट पुष्कळ सोपी झाली आहे. कोलंबोहून रेल्वेने किंवा बसने हॅटन गाठायचे, तिथून मस्केलियामार्गे नल्लतन्निया या पायथ्याच्या गावी जायचे. इथून माथ्यापर्यंत सुमारे साडेपाच हजार पायऱ्या आहेत. रत्नपुराकडूनही वाट आहे, पण ती लांब आणि दमछाक करणारी. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होतो आणि मे महिन्यात वैशाख पौर्णिमेला संपतो. हंगामात वाटेवर रात्रभर दिवे असतात आणि चहाच्या टपऱ्या उघड्या असतात. एरवी पाऊस, वारा आणि अंधार. मुलाबाळांसह जायचे तर हंगामातच जावे, मात्र पौर्णिमा आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. त्या रात्री एकेका पायरीवर खोळंबून राहावे लागते.

सुरुवात चहाच्या मळ्यांतून होते. इथे आधी कॉफी होती. एकोणिसाव्या शतकात पानांवरच्या रोगाने ती बुडाली आणि तिच्या जागी चहा आला. हे मळे उभे केले ते दक्षिण भारतातून नेलेल्या गरीब तमिळ मजुरांनी. पाने खुडणाऱ्या आजच्या बाया त्यांच्याच नाती-पणती. पुढे घनदाट जंगल लागते. हा सगळा टापू संरक्षित असून २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. शेवटचा टप्पा उभ्या, अरुंद पायऱ्यांचा. कठड्याला धरूनच चढायचे.

बहुतेक लोक मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे उजाडायच्या आत माथा गाठता येतो. सवय नसलेल्यांना तीन-चार तास लागतात. घाई करू नये. पांढरे कपडे घातलेल्या सत्तरीच्या आज्या नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून चढताना दिसतात. चढणारे-उतरणारे एकमेकांना 'करुणावै' म्हणतात. त्या शब्दातली करुणा आपल्याला ओळखीची आहे. दमलेल्याला कोणी पाणी देतो, कोणी हात देतो. तुझ्या मते वरचे पाऊल कोणाचे, असे विचारून मग हात देणारा कोणी नसतो.

पण पायथ्याशी सगळे असे गोड आहे, असे मी म्हणणार नाही. श्रीलंकेने जवळजवळ तीन दशके यादवी सोसली. २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी इस्लामचे नाव घेणाऱ्या अतिरेक्यांनी चर्च आणि हॉटेलांत स्फोट घडवून अडीचशेहून अधिक निरपराध माणसे मारली. पुढच्याच महिन्यात जमावांनी, ज्यांचा त्या स्फोटांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांची घरे, दुकाने आणि मशिदी फोडल्या. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान जेमतेम दहा टक्के. त्या दिवसांत त्यांनी काय भोगले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एकत्र नांदणे ही डोंगरासारखी आपोआप टिकणारी गोष्ट नाही. ती पायऱ्यांसारखी आहे, कोणीतरी बांधायची आणि पुढच्यांनी डागडुजी करत राहायची. अकराव्या शतकात विजयबाहू राजाने या वाटेवर यात्रेकरूंसाठी विसाव्याची सोय केल्याचे शिलालेखात नमूद आहे. तेव्हापासून कोणी ना कोणी हे काम करत आले, म्हणून वाट टिकली.

माथ्यावरचे देवस्थान बौद्ध भिक्षूंच्या व्यवस्थेत आहे. तिथे चपला काढाव्या लागतात. मूळ ठसा झाकलेला असतो. लोक फुले वाहतात, घंटा वाजवतात, जितक्यांदा चढून आलो तितके टोले. आपण त्यात भाग घ्यावा असे नाही आणि नाक मुरडावे असेही नाही. अदबीने बाजूला उभे राहावे. पायथ्याशी वुजू करून निघावे आणि तो टिकला नाही तर वाटेत पाणी मिळते. वेळेत पोहोचलो तर फजर माथ्यावरच होते. थंडी कडाक्याची असते; स्वेटर, कानटोपी आणि अंथरायला एक चादर जवळ असू द्यावी.

मग पूर्वेला सूर्य वर येतो आणि पश्चिमेच्या धुक्यावर डोंगराची त्रिकोणी सावली पडते, अगदी रेखीव. तिथून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पूर्वेला थोडा दक्षिणेकडे उगवतो, त्यामुळे ती सावली जवळजवळ किब्ल्याच्याच दिशेला पडते. हा भूगोल आहे, चमत्कार नाही. पण नुकताच सलाम फेरलेला माणूस ते पाहून सुब्हानल्लाह म्हणाल्यावाचून राहणार नाही.

उतरताना गुडघे बोलू लागतात, काठी असलेली बरी. आणि पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांची वेष्टने आपल्याच पिशवीत घालून खाली आणावीत. हंगामात लाखो लोक त्या वाटेने जातात आणि कचऱ्याने जंगल गुदमरते. इब्ने बतूताचे सोबती असोत की आजची ती पांढऱ्या साडीतली आजी, वाट सगळ्यांची आहे. आपल्या मागून येणाऱ्याला ती स्वच्छ मिळावी, एवढे तर एका बापाच्या लेकरांनी एकमेकांसाठी करायलाच हवे.